बटणं जमवायची तर: डब्यापासून क्लबापर्यंत

सोलापुरात युनिफॉर्मच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत होते तेव्हा मी बटणं मोजत नव्हते, तोलत होते. बारा डझनांचा एक ग्रोस, म्हणजे १४४ नग. अठरा नंबरची दहा ग्रोस शर्ट-बटणं तराजूत टाकली की काटा कुठं थांबणार ते आधीच ठाऊक असायचं. बटण म्हणजे माल, बाकी काही नाही.

मग एकदा एक गृहस्थ आजोबांचा काळा कोट घेऊन आले. कोट नातवाच्या मापाचा करायचा होता आणि बटणं नवी हवी होती. जुनी पितळी सहा बटणं आमच्या कटिंग मास्तरांनी कापून माझ्या टेबलावर ठेवली. अक्षरं होती ‘जीआयपीआर’, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. गृहस्थ म्हणाले, ‘राहू दे तुमच्याकडेच.’ मी ती घरी नेली, चिंचेच्या कोळात बुडवली आणि देवाची भांडी घासावीत तशी लख्ख घासली. वरचा सोनेरी मुलामा कोळाबरोबर मोरीत गेला. हात दाखवून अवलक्षण! पण खरी चूक वेगळीच. आजोबांचं नाव काय, ते कुठल्या स्टेशनावर होते, गार्ड होते की तिकीट कलेक्टर, यातलं एक अक्षर मी लिहून ठेवलं नाही. आज बटणं आहेत आणि गोष्ट नाही.

म्हणून नव्यानं छंद लागलेल्यांना मी सांगते: आधी वही घ्या, बटणं नंतर.

पहिला महिना: खर्च शून्य

घरातला बटणाचा डबा काढा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, हॉर्लिक्सची बाटली, आईच्या मशीनचा खण, काही ना काही असतंच. एका मोठ्या स्टीलच्या ताटात पांढरा रुमाल पसरा आणि त्यावर डबा उपडा करा. रुमाल नसला तर निम्मी बटणं फरशीवर उड्या मारतात आणि थेट कपाटाखाली जातात.

पहिली विभागणी मागच्या बाजूनं करा. भोकं असलेली एकीकडे, मागं कडी असलेली दुसरीकडे. मग दोन भोकी, चार भोकी, कापडानं मढवलेली, टिच बटणं, झब्ब्याची साखळीवाली. रंगानं लावायचा मोह होतो, तो आवरा. रंगानं लावलेलं ताट दिसतं छान, पण त्यातून काही कळत नाही. कडीकडे नीट पाहिलं तर कळतं: तारेची वळवून बसवलेली, पत्र्याची ठोकलेली, की बटणाच्याच अंगातून कोरलेली.

माप मिलिमीटरमध्ये घ्या आणि शेजारी लाईन लिहा. बाजारात आपण ‘अठरा नंबर’, ‘चोवीस नंबर’ म्हणतो ती हीच लाईन. ४० लाईन म्हणजे १ इंच, म्हणजे एक लाईन ०.६३५ मिलिमीटर. शर्टाच्या पुढच्या पट्टीचं १८ लाईनचं बटण साधारण ११.४ मिलिमीटर भरतं, कॉलरचं बहुधा १४ किंवा १६ लाईनचं असतं, पँटचं २४. ब्लेझरच्या पुढं ३२ आणि बाहीवर २४. हे चार-पाच आकडे पाठ झाले की सुटं बटण हातात आलं तरी ते कुठल्या कपड्यावरचं असेल याचा अंदाज येतो.

चिठ्ठी

प्रत्येक बटणाला किंवा एकसारख्या जोडाला एक चिठ्ठी. पेन्सिलीनं, कारण शाई ओलीत फुटते. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते:

‘क्र. ११२. चार भोकी, शिंपला, १८ लाईन, ५ नग. एकाच्या पाठीवर तपकिरी साल. आत्याच्या लग्नातल्या झंपरवरची. झंपर फाटल्यावर आत्यानंच कापून ठेवलेली. सहावं हरवलं.’

‘सहावं हरवलं’ हेसुद्धा लिहायचं. कुणी दिलं, कधी दिलं, देताना काय म्हणालं, हे त्याच दिवशी टिपा. रात्री लिहू म्हटलं की राहतं. माणसाच्या बोलण्यातला नेमका शब्द मिळाला तर तोच लिहा. ‘जुनं बटण’ यापेक्षा ‘मिलच्या भोंग्याच्या काळातलं’ हे जास्त सांगतं, कारण सोलापुरात भोंगा म्हटलं की काळ आणि भाग दोन्ही कळतात.

कशाचं आहे ते ओळखणं

इथं घाई करू नका. खरी मजा याच टप्प्यात आहे.

शिंपल्याचं बटण आधी गालाला लावा. गार लागतं आणि काही क्षण गारच राहतं. प्लास्टिक लगेच अंगाच्या उबेला येतं. मग ते खिडकीशी धरून हळूहळू कलतं करा. खऱ्या शिंपल्याची चमक आतून सरकते, ढगाखालून ऊन सरकावं तशी. पाठ बघा: शिंपल्याच्या बाहेरच्या सालीचा करडा-तपकिरी डाग बऱ्याचदा राहिलेला असतो. पाच बटणं शेजारी ठेवली तर पाचांची जाडी थोडी थोडी वेगळी निघते, कारण शिंपला मुळात सपाट नसतोच. पॉलिस्टरची नक्कल सगळी एका जाडीची आणि एका तोंडवळ्याची. बिहारच्या पूर्व चंपारणमधलं मेहसी गाव नदीच्या शिंपल्यांपासून बटणं करण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिकडं अमेरिकेत आयोवा राज्यातल्या मस्कॅटिन शहरात जॉन बोपल नावाच्या जर्मन कारागिरानं १८९१ च्या सुमारास मिसिसिपी नदीच्या शिंपल्यांची बटणं पाडायला सुरुवात केली आणि ते गाव बटणांवरच मोठं झालं.

हाडाचं बटण भिंगाखाली धरलं की बारीक काळपट ठिपके आणि रेघा दिसतात. त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. शिंगाचं बटण उजेडासमोर धरलं तर कडेला मधासारखं पारदर्शक होतं. उत्तर प्रदेशातल्या संभळला शिंग आणि हाडाचं काम आजही चालतं. कोरोझो म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या टागुआ ताडाची टणक बी. दिसायला थेट हस्तिदंत, म्हणून तिला वनस्पती-हस्तिदंत म्हणतात. तिच्यावर बारीक वळणदार रेघांची वीण असते. रंग वरवरच बसतो, त्यामुळे टवका उडाला की आत साईच्या रंगाचं दिसतं. जुन्या सुटांवर ही पुष्कळ सापडतात आणि लोक ती प्लास्टिक समजून टाकून देतात.

काच ओळखायला दातावर हलकेच टिचकी मारायची. टणक ‘टिक्’ असा आवाज येतो. हे आपल्याच बटणांवर करा, दुसऱ्याचं बटण तोंडात घालणं क्लबात बरं दिसत नाही.

आता जुनं प्लास्टिक. लिओ बेकलंडनं १९०७ मध्ये शोधलेल्या बेकेलाइटचं बटण गरम पाण्यात अर्धा मिनिट धरून हुंगलं तर दवाखान्यातल्या कार्बोलिकसारखा उग्र वास येतो. दुधाच्या केसीनपासून केलेलं बटण ओलं केलं की नासक्या दुधाचा वास देतं. ते पाण्यात फुगतं, म्हणून बुडवायचं नाही, कोपरा ओला केला तरी पुरे. सेल्युलॉइड हलकं आणि पातळ असतं. अंगठ्यानं जोरात चोळलं की कापराचा वास येतो, कारण त्यात कापूर असतोच. जुने लोक तापलेली सुई टोचून परीक्षा करायला सांगतात. ऐकू नका. सेल्युलॉइड भपकन पेट घेतं आणि बाकीच्या बटणांना कायमचं भोक राहतं.

धातूसाठी खिशात लोहचुंबक असावं. पितळेला तो चिकटत नाही, वर पितळी पाणी दिलेल्या लोखंडी पत्र्याला चिकटतो. हल्ली शाळेच्या ब्लेझरवरची ‘सोनेरी’ बटणं बरीचशी धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकची असतात. तळहातावर उडवून पाहिलं की वजनावरून लगेच कळतं. माझ्या मते तीही जमवावीत. अजून तीस वर्षांनी त्यांना कुणी हसणार नाही.

वय काढायचं कसं

चिन्हं आणि अक्षरं बोलतात. अशोकस्तंभाचे सिंह असलेलं सरकारी बटण २६ जानेवारी १९५० नंतरचं. मुकुट असेल तर त्याआधीचं, आणि मुकुटाच्या आकारावरून राणी व्हिक्टोरियाचा काळ की १९०१ नंतरच्या राजांचा हेही उलगडतं. पोलिसांच्या बटणावर महाराष्ट्राचं नाव असेल तर ते १ मे १९६० नंतरचं.

आपल्याकडची खरी दौलत रेल्वेची. जीआयपी रेल्वे सोलापूरला १८६० मध्ये पोचली आणि ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वेत विलीन झाली. म्हणजे ‘जीआयपीआर’चं बटण त्या तारखेअलीकडचं असूच शकत नाही. होटगीहून गदगकडे जाणारी गाडी मद्रास आणि सदर्न मराठा रेल्वेची होती, ती ‘एमएसएमआर’. ही कंपनी १९०८ ते १९५१. आणि कुर्डुवाडी-बार्शीची छोटी गाडी १८९७ ला सुरू झालेली, बार्शी लाइट रेल्वे. ज्यांच्या घरी रेल्वेची तीन पिढ्यांची नोकरी आहे त्यांनी माळ्यावरची ट्रंक एकदा तरी उघडावी.

धातूच्या बटणाची पाठही वाचा. बनवणाऱ्याचं नाव आणि गाव तिथं गोलात ठोकलेलं असतं, ‘फर्मिन, लंडन’ असं काही. कारखान्यांचे पत्ते बदलत गेले, त्यामुळे पत्त्यावरून काळ ठरवता येतो.

सोलापुरात शोधायचं कुठं

शिलाईचं गाव असण्याचा फायदा घ्या. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत ऑर्डर संपली की दोन-चार ग्रोस लोगोची बटणं उरतात. शाळेनं लोगो बदलला की ती कुणालाच नको असतात. स्टोअरमधल्या माणसाशी ओळख काढा, आणि मूठभर नाही, दोनच मागा. मूठभर मागणाऱ्याला व्यापारी समजतात. दोन मागणाऱ्याला चहा मिळतो.

काज-बटणाचं काम घरी नेणाऱ्या बायका पूर्व भागात गल्लोगल्ली आहेत. कुठल्या वर्षी कुठलं बटण आलं, कुठलं सुईखाली फुटायचं, हे त्या मालकापेक्षा जास्त सांगतात. त्यांना विचारताना हातात वही असू द्या आणि त्यांच्या कामाचा वेळ खाऊ नका. नगावर पैसे मिळतात.

चाटी गल्ली, नवी पेठ, मधला मारुती या भागात जुन्या दुकानांच्या मागच्या फळीवर नमुन्याची कार्डं असतात, एकेका पुठ्ठ्यावर बारा-बारा बटणं टाकलेली. पुठ्ठ्यासकट मिळालं तर पुठ्ठ्यासकटच घ्या, बटणं सोडवू नका. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला होम मैदानावर फिरताना डोळे उघडे ठेवा, मात्र त्या दिवसांतल्या मुख्य पोशाखात बटण सापडायचं नाही. नंदीध्वजाचे मानकरी पांढरी बाराबंदी घालतात, तिला बंद असतात. देशभर युनिफॉर्म पाठवणाऱ्या गावाचा सगळ्यात मानाचा पोशाख बिनबटणाचा, हे मला दर संक्रांतीला आठवतं.

बोहारणीला कपडे देण्याआधी बटणं कापून घ्यायची सवय मला लागली आणि आमच्या बोहारणीनं एकदा सरळ सुनावलं: ‘बटणं काढलेल्या शर्टाला पातेलं नाही, फार तर वाटी.’ तिचंही बरोबर आहे. आता वेगळं काही दिसलं तरच एखादं काढते, आणि त्या जागी साधं बटण लावून देते.

एक गोष्ट विकत घेऊ नका: हस्तिदंताचं बटण. वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे.

धुणं आणि ठेवणं

चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, काहीही लावायचं नाही. मऊ दात-घासणीनं कोरडी धूळ झटका, कडीभोवतीची हिरवी पूड लाकडी दातकोरण्यानं सावकाश काढा आणि थांबा. काच, शिंपला आणि आजचं पॉलिस्टर ओल्या फडक्यानं पुसलं तर चालतं. लाकूड, हाड, शिंग, केसीन यांना पाणी दाखवू नका.

मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो. पत्र्याखालच्या माळ्यावर बंद डब्यात ठेवलेलं सेल्युलॉइड घामेजतं, चिकट होतं, त्याला आंबूस वास सुटतो, आणि त्यातून निघणारी आम्लाची वाफ शेजारच्या बटणांनाही खाते. म्हणून सेल्युलॉइड नेहमी वेगळं, कागदी पाकिटात, हवा खेळेल अशा ठिकाणी, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. बिघडलेलं निघालं तर सरळ बाजूला काढा. रबरबँडनं धातू काळा पडतो आणि उन्हाळ्यात रबर वितळून बसतं. डांबरगोळ्याही नकोत. पावसाळ्यात धातूच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकली की झालं.

दाखवण्यासाठी जाड माउंट बोर्ड घ्या. आरीनं भोक पाडून कडी मागं काढायची आणि प्लास्टिक चढवलेल्या बारीक तारेनं अडकवायची. भोकाच्या बटणालाही हीच तार. फेव्हिकॉल लावलेलं बटण संग्रहातून गेलं असंच समजा.

क्लब

बटणांचे सगळ्यात जुने संघटित छंदी अमेरिकेत आहेत. तिथली नॅशनल बटन सोसायटी १९३८ मध्ये शिकागोत सुरू झाली. ब्रिटिश बटन सोसायटी १९७६ ची. दोघींचंही काम साधारण एकाच पद्धतीचं: वार्षिक वर्गणी, सभासदांसाठी नियतकालिक, मेळावे. सभासद होण्याआधी त्यांची वर्गवारी समजून घ्या, घरच्या संग्रहालाही उपयोगी पडते. अमेरिकी सोसायटी १९१८ ही रेघ धरते, त्याआधीची बटणं जुनी, नंतरची आधुनिक. आकारात ३/८ इंचापेक्षा लहान ती चिमुकली, तिथून ३/४ इंचापर्यंत लहान, मग सव्वा इंचापर्यंत मध्यम, त्यावर मोठी. आपल्या भाषेत १५, ३० आणि ५० लाईन. स्पर्धेचं कार्ड ९ बाय १२ इंचांचं. मी माझी कार्डं पहिल्यापासून त्याच मापाची कापते.

परदेशी सभासदांशी अदलाबदल करताना एक कायदा लक्षात ठेवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून पाठवायचं ते अलीकडचं. तिकडच्या लोकांना आपल्या शाळेच्या लोगोचं, देवनागरी अक्षरांचं बटण जास्त आवडतं.

पण महिन्यातून एकदा समोरासमोर बसण्याची सर कशालाच नाही. त्यासाठी आधी नाणी आणि तिकिटं जमवणाऱ्यांकडे जा. त्यांना भिंग, पाकिटं, नोंदवही यांची शिस्त माहीत असते, आणि प्रत्येकाकडं ‘असंच पडलेलं’ एखादं पाकीट बटणांचं निघतंच. आमचा गट असाच जमला: रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, एक कटिंग मास्तर, इतिहासाच्या एक बाई, फॅशन डिझायनिंग शिकणारी एक मुलगी आणि मी. पाच जण पुष्कळ झाले. पंधरा झाले की निम्मे फक्त बघायला येतात.

नियम आम्ही ठेचा खाऊन केले. पहिल्या बैठकीला सगळ्यांनी सगळं आणलं आणि दोन तासांत कुणाचं काय ते कळेना. तेव्हापासून एका बैठकीला एकच विषय, ‘शिंपला’ किंवा ‘खाकीवरची बटणं’, आणि प्रत्येकानं जास्तीत जास्त वीस नग आणायचे. दुसऱ्याचं बटण विचारल्याशिवाय उचलायचं नाही. अदलाबदल दुहेरी नगांचीच, आणि बटणाबरोबर चिठ्ठीची नक्कल द्यायचीच. चिठ्ठी नसेल तर ते बटण अदलाबदलीत धरत नाही. यावरून एकदा वाजलंही, पण नियम टिकला. किंमत लावायची असेल तर बैठकीबाहेर.

नव्या माणसाला आम्ही पहिल्या दिवशी संग्रह विचारत नाही. घरातलं एकच बटण आण म्हणतो, ज्याबद्दल पाच वाक्यं सांगता येतील असं. डिझायनिंगच्या मुलीनं पहिल्यांदा आणलं ते तिच्या शाळेच्या पिनाफोरचं साधं निळं प्लास्टिक बटण. मास्तरांनी ते उलटं केलं, साच्याची शिवण पाहिली आणि म्हणाले, ‘हा लॉट मीच परत पाठवला होता. काजात बसत नव्हता.’ ती म्हणाली, ‘म्हणूनच माझा पिनाफोर सारखा उघडायचा!’ दोन्ही वाक्यं त्याच वेळी चिठ्ठीवर गेली.

माझी जीआयपीआरची सहा बटणं मी रेल्वेच्या काकांसमोर ठेवली तेव्हा त्यांनी आधी पाठ पाहिली, मग घासलेली बाजू, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी विचारलं, ‘कोट कुठल्या गल्लीतून आला होता, तेवढं तरी आठवतं का?’ तेवढं आठवत होतं. त्या गल्लीत रेल्वेची किती घरं होती ते काका आता एकेकाला विचारत फिरतात. चिठ्ठीवर नावाची जागा मोकळी ठेवली आहे, पेन्सिल बाजूलाच आहे.